हाताचा गुण आणि मालकाची नजर

बिदर शहरात बिदरीकामाचे लहान लहान कारखाने आहेत. माणसे चार-सहाच, पण माणसाकडून काम कसे घ्यावे, हा प्रश्न तेथे मोठ्या गिरणीपेक्षा अधिक उघडा दिसतो. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतकाम करणारा एक, त्यावर हाताने नक्षी कोरणारा दुसरा, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवणारा तिसरा. शेवटी किल्ल्यातील जुनी माती व नवसागर पाण्यात कालवून तापवलेल्या भांड्यावर चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदी तेवढी पांढरी राहते. ही माती जिभेवर ठेवून पारखणारे कारागीर आहेत. अशा पारख्याला तारेच्या कामावर बसवून 'तुझा हात कापतो' म्हणून बोल लावणारा मालक स्वतःचेच नुकसान करतो, हे कोणीही मान्य करील.

मान्य करणे सोपे. आम्ही हुमनाबादेस किराणा दुकान चालवत असताना हाताखाली एक मुलगा होता. हिशेबात कच्चा. गिऱ्हाइकांदेखत आम्ही त्याला रागावत असू. एक दिवस तो आलाच नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी खेड्यांतील बाया विचारू लागल्या, "तो पोरगा कुठं गेला?" कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाची तूर अजून विकली नाही म्हणून उधारी थांबेल, हे त्याला तोंडपाठ होते, शिवाय मराठी, कानडी व दखनी तो सारख्याच सहजतेने बोले. वहीतला पंधरा रुपयांचा फरक आम्हांस दिसला, हे दिसले नाही.

माणसाच्या उणिवांपेक्षा त्याच्या बळावर काम उभारावे, असे पीटर ड्रकर यांनी १९६७ साली आपल्या पुस्तकात मांडले. ते खरेच आहे. तरी आम्हांस एक शंका सोडत नाही. 'ज्याला जे जमते ते त्याने करावे' हे बोलणे आपल्या देशात फार जुने आहे, आणि त्याच बोलण्याने कित्येक पिढ्या चामड्याशी व झाडूशी बांधल्या गेल्या. आपल्या मंडळ्यांतील अनेक घरांत ही आठवण बुजलेली नाही. गुण ओळखणे कोठे संपते आणि माणसाला खुंटीला बांधणे कोठे सुरू होते?

जवळच बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी कायकाला मान दिला. अंबिगर चौडय्या नावाडी होता. त्याचे नाव आजही धंद्यासकट आदराने घेतात. पण त्या नावाड्याने वचनेही रचली, आणि ती ऐकली गेली. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील धनीही ठेव सोपवताना प्रत्येकाची शक्ती पाहतो खरा. मात्र परत आल्यावर विश्वासू दासांना तो अधिक सोपवतो. पहिली वाटणी शेवटची नव्हती.

म्हणून आम्ही एवढेच पाहू की, कानशीने घासणाऱ्या पोराला कधी छिन्नी मागता येते काय. त्याचे पहिले नग बिघडतीलच. बिघडलेले जस्त पुन्हा वितळवता येते. चांदी हाती देण्यापूर्वी नुसते कोरू देण्यास फारसा खर्च नाही, वेळ मात्र जातो. तो वेळ मालकाच्या खात्यावर पडावा, पोराच्या मजुरीतून कापला जाऊ नये. हंगामात हे जड जाते, हे आम्ही जाणतो.

आमच्याकडून गेलेला तो मुलगा आता भालकीच्या बाजारात स्वतःचे दुकान चालवतो. वही त्याची बायको लिहिते.