नकाशा ताईच्या हाती

तीन भावंडं होती. ताई सगळ्यांत मोठी, मग दादा, मग धाकटा. एका हिवाळ्यात तिघांनी रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीत भरलेल्या नकाशा-शर्यतीत संघ म्हणून नाव दिलं.

शर्यत सकाळी ६ ते संध्याकाळी ६. नियम ऑस्ट्रेलियात १९७६च्या सुमारास रूढ झालेल्या ‘रोगेनिंग’ या खेळाचे. हाती नकाशा आणि होकायंत्र, जीपीएस बंद. डोंगरात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरे झेंडे लावलेले. सोप्या झेंड्याला कमी गुण, लांबच्या आणि अडचणीतल्या झेंड्याला जास्त. कुठून कुठे जायचं ते ज्या त्या संघानं ठरवायचं. परतायला उशीर झाला की मिनिटाला १० गुण कापले जातात, आणि ३० मिनिटांहून जास्त उशीर झाला तर सगळीच मेहनत शून्य. शिवाय संघातल्या सगळ्यांनी एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहायचं. सगळे झेंड्यापाशी पोचल्याशिवाय गुण मिळत नाहीत. हा शेवटचा नियम दादानं आणि धाकट्यानं नीट वाचला होता. त्याचा अर्थ त्यांनी एवढाच घेतला, की पुढे जाऊन थांबायचं.

तसे ते थांबतही होते. धाकटा हरणासारखा सुटायचा, नकाशा हातात धरून दादा त्याच्यामागे. झेंडा सापडला की दोघं कातळावर टेकायचे, पाणी प्यायचे, चिक्की खायचे. दहाएक मिनिटांनी ताई धापा टाकत यायची. ती आली की धाकटा उठून म्हणायचा, “चला, निघू या.” दुपारपर्यंत पाच झेंडे झाले. तोवर भावांनी ५० मिनिटं विश्रांती घेतली होती, ताईनं एकही नाही. तरी आपला संघ ताईमुळे मागे पडतोय याबद्दल तिघांचं एकमत होतं. ताईचंसुद्धा!

सह्याद्रीत नकाशावरचं अंतर फार फसवं असतं. बोटभर दिसतं, आणि मध्ये उभा कडा निघतो. उतरायला नेमकी नाळ नाहीतर खिंड सापडावी लागते. ढोरवाटा तर माणसाला हमखास भलतीकडे नेतात. गुरांना चरायला जायचं असतं, झेंड्याकडे नाही. अशाच एका मळलेल्या ढोरवाटेनं दोघे भाऊ कारवीतून धावत सुटले आणि थेट कड्याच्या धारेवर येऊन उभे राहिले. पुढे वाट नव्हती.

बऱ्याच वेळानं ताई आली. म्हणाली, “खिंड मघाशीच उजवीकडे गेली. ओढा ओलांडल्यापासून ती ७०० पावलांवर होती. आपण १२०० चाललोय.”

“तू पावलं मोजत होतीस?”

“मागे एकटीनं चालताना दुसरं काय करणार? हाकाही मारल्या. तुम्हाला ऐकू गेल्या नाहीत.”

म्हणजे हाकेचा नियमही मोडलाच होता. दादा गप्प झाला. धाकटा सवयीनं म्हणाला, “बरं, चला, निघू या.”

“मी नाही उठणार,” ताई म्हणाली. “सकाळपासून तुमचा दम खाऊन होतो तेव्हा मी पोचते. मग मी दम खायचा कधी?”

या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नव्हतं. दहा मिनिटं तिघंही बसले. मग दादानं नकाशा ताईला दिला आणि धाकट्यानं तिची सॅक आपल्या पोटावर अडकवली. आता ताई पुढे आणि दोघं मागे. धाकट्याला हे चालणं जाचत होतं. पण पाठीपोटावर ओझं आल्यावर त्याची चालही ताईच्या जवळपास आली. कुणी कुणासाठी थांबायचं राहिलं नाही. ताई मोजत जायची, ओढा, सोंड, खिंड नकाशाशी ताडून बघायची आणि चालता चालताच पुढची दिशा सांगायची. सकाळी पाच झेंडे झाले होते. दुपारनंतर, थकलेल्या पायांनी, सात झाले.

साडेपाचला ते रतनवाडीजवळ पोचले. वर एका सोंडेवर ६० गुणांचा झेंडा होता. “मी पंधरा मिनिटांत जाऊन येतो,” धाकटा म्हणाला. तो आलाही असता. पण तिघांनी जायचं तर पाऊण तास लागणार होता. ताईनं नकाशाची घडी घातली. दुसरा एक संघ मात्र तिकडे वळला. ६० गुण कमावून तो १४ मिनिटं उशिरा परतला आणि १४० गुण गमावून बसला.

बोधकथेत इथे ताईचा संघ पहिला यायला हवा. तो पाचवा आला. पहिले चार संघ खरोखरच सरस होते. धाकटा रात्री जेवतानाही हिशोब मांडत होता, “ते ६० मिळाले असते तर आपण तिसरे असतो.”

भाकरी मोडत ताई म्हणाली, “सकाळीच माझी सॅक घेतली असतीस, तर तेही मिळाले असते.”