मासेमाराच्या पोरासाठी व्हायोलिन

मार्च २०२५मध्ये ‘सैराट’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि त्याच्या गाण्यांविषयीची तीच जुनी वाक्यं पुन्हा कानावर आली. एक वाक्य अभिमानाचं: मराठी गाणं हॉलिवूडला पोचलं. दुसरं हळहळीचं: सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या मातीतली गोष्ट, तिला हलगी-संबळ शोभली असती, तिथे व्हायोलिनं कशाला? घटना अशी की, नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाची चार गाणी अजय-अतुल या गोगावले बंधूंनी केली आणि त्यांतल्या पाश्चात्त्य वाद्यमेळाचं ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर झालं. १९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत ज्या दालनात मुद्रित झालं, तेच हे दालन. चित्रपट २९ एप्रिल २०१६ला प्रदर्शित झाला, शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला आणि ही गाणी वरातीत, जत्रेत, एसटी स्टँडवर वाजू लागली. यातल्या अभिमानवाल्यांशी वाद घालण्यात हशील नाही. दालन मोठं म्हणून गाणं मोठं होत नाही, एवढं सांगून त्यांचा निरोप घेता येतो. हळहळ करणाऱ्यांचं मात्र तसं नाही. त्यांचा कळवळा खरा आहे, म्हणूनच त्यांची चूक खोलवर रुजते आणि ती नीट उकलून दाखवणं भाग आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक मुलखाचा एक आवाज असतो आणि त्या मुलखाची गोष्ट त्याच आवाजात सांगितली पाहिजे. ऐकायला हे रास्त वाटतं. पण ‘मुलखाचा आवाज’ म्हणजे नेमकं काय, हे विचारलं की हाताशी येते ती वाद्यांची यादी, आणि यादीतलं एकेक वाद्य तपासायला घेतलं की ती विरू लागते. गावोगावच्या भजनातली पेटी युरोपातून आली. लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट गोऱ्या पलटणींबरोबर आली. तरीही पेटीवरच्या भजनाला कोणी परकं म्हणत नाही. सोलापूरला तर हा धडा घरातच आहे. सोलापुरी चादरीवरची फुलं ज्या जॅकार्डच्या यंत्रणेने विणली जातात, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये, ल्योंच्या रेशीम व्यवसायासाठी तयार झाली. ती चादर नावारूपाला आणणारे पद्मशाली विणकर तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू बोलणारे. यंत्र फ्रेंच, विणकर तेलुगू, आणि भौगोलिक मानांकन मात्र ‘सोलापुरी चादर’ या नावाला. त्यात कोणाला काही खटकत नाही, खटकूही नये. मग चादरीला जो न्याय, तो गाण्याला का नाही?

यावर उत्तर येतं की चादर ही वस्तू आहे, गाणं ही ओळख आहे. हे उत्तर मला अधिक धोक्याचं वाटतं, कारण ते नकळत गावगाड्याच्या वाटेला लागतं. गावात कोणतं वाद्य कोणी वाजवायचं हे मातीने ठरवलेलं नव्हतं, जातीने ठरवलं होतं. हलगी ही कला होती, तसंच ते ठरावीक समाजांच्या माथी आलेलं कामही होतं. सांगावा आला की जायचं, मिरवणुकीपुढे वाजवायचं आणि जेवणाच्या पंगतीपासून लांब बसायचं. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’ या चित्रपटात जत्रेच्या मिरवणुकीत नायक जब्याला नाचायचं असतं आणि त्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते. ज्याने तो प्रसंग पाहिला, त्याने ‘तुझं वाद्य तुझ्यापाशीच ठेव’ हा सल्ला देताना दहादा विचार करावा. ‘सैराट’चा नायक परशा मासेमाराचा मुलगा आहे. त्याच्या प्रेमाला कोणता वाद्यमेळ द्यायचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ रुचीचा उरत नाही. आपल्या सिनेमात व्हायोलिनांचा तो मोठा, भरून येणारा ताफा बहुतेकदा बंगल्यातल्या, गच्चीवरच्या, पियानोशेजारच्या प्रेमाला मिळत आला. खेड्यातल्या प्रेमाच्या वाट्याला ढोलकी आणि गंमत आली. परशाच्या वेडाला तोच ताफा देणं म्हणजे त्याच्या भावनेचं माप बंगल्यातल्या भावनेइतकंच मोठं आहे असं म्हणणं. मातीच्या नावाखाली ते नाकारणं म्हणजे आधीच आखलेली रेघ पुन्हा गडद करणं. हळहळणाऱ्यांच्या मनात हे नसतं, हे मला मान्य आहे. त्यांच्या युक्तिवादात मात्र ते असतंच.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. रस्त्यावरचा, खरखरीत आवाज महागड्या स्टुडिओत गेला की तो बाटतो, ही समजूत जगभर आहे आणि अमेरिकेतल्या पॉप-पंकच्या इतिहासात ती सर्वांत उघडपणे दिसते. बर्कलीच्या गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबचा नियमच होता की बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडने तिथे वाजवायचं नाही. ग्रीन डे या बँडने असा करार केला, फेब्रुवारी १९९४मध्ये त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम आला, आणि ज्या जागेने त्यांना वाढवलं तिचं दार त्यांच्यासाठी बंद झालं. त्या अल्बममध्ये आवाज घासूनपुसून स्वच्छ केलेला आहे हे खरं. पण गाण्यांची घाई, चीड आणि कंटाळा जागच्या जागी आहेत. स्वच्छ काय केलं आणि शिल्लक काय ठेवलं, हे वेगवेगळं ऐकायला हवं होतं. क्लबच्या नियमाला ती सोय नव्हती, कारण तो करारनामा पाहत होता. आपल्याकडचे टीकाकार वाद्यांची यादी पाहतात.

हळहळीचा एक जास्त सूक्ष्म अवतारही आहे. तो म्हणतो, इतका भव्य वाद्यमेळ वास्तवाला झाकतो. जिथे प्रेमापायी माणसं मारली जातात तिथे ही मधुर व्हायोलिनं म्हणजे फसवणूक. हा आक्षेप गाणी सुटी ऐकून घेता येतो, चित्रपटासकट ऐकून नाही. चारही गाणी पूर्वार्धात येतात. विहिरी, मळे, उजनीचा पाणलोट यांच्यावर ती पसरतात, आणि मग परशा आणि त्याची प्रेयसी गाव सोडून पळतात, हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतात, तिथे डोशाची गाडी, भाड्याची खोली, संशय आणि भांडणं सुरू होतात. गाणं पुन्हा उगवत नाही. शेवटी तर आवाजच काढून घेतलेला आहे: लहान मूल घरातून बाहेर चालत जातं, मागे रक्ताची पावलं उमटतात आणि ऐकू काहीच येत नाही. ती शांतता इतकी जड का होते? आधी काय भरलेलं होतं हे कानाला आठवत असतं म्हणून. पूर्वार्धात एकटी हलगी वाजली असती तर शेवटी फक्त हलगी थांबली असती. इथे अख्खा वाद्यमेळ नाहीसा झालेला असतो, आणि त्याच्यासोबत त्या दोघांनी स्वतःपुरतं मोठं करून घेतलेलं जगही.

एवढं सगळं म्हणूनही बाहेरून आणलेलं काहीही चालतं असा माझा दावा नाही. मला एक भेद करायचा आहे आणि या सगळ्या वादात तोच राहून जातो: साज आणि बाज यांच्यातला. साज म्हणजे गाण्यावर घातलेलं ते सगळं, जे उतरवता येतं, भाड्याने आणता येतं, दुसऱ्या देशात मुद्रित करता येतं. बाज म्हणजे गाण्याची चाल, बोलण्याची लकब, शब्द तोंडात कसा उघडतो आणि कुठे मिटतो ते. सोलापूरचा शाहीर राम जोशी ब्राह्मण घरातून डफ-तुणतुण्याकडे आला आणि बार्शीच्या अमर शेखांनी शाहिराचा डफ कामगारांच्या सभेत नेला. दोघांनीही साजाची किंवा मंचाची सरहद्द ओलांडली, बाज सोडला नाही. बाज जन्माने मिळतो असंही नाही. ‘आताच बया का बावरलं’ गाणाऱ्या श्रेया घोषाल बंगाली घरातल्या आहेत, पण त्यातला ‘बया’ ऐकताना कोणाला घराची चौकशी करावीशी वाटत नाही. ‘सैराट झालं जी’ या शीर्षकातलाच ‘जी’ पोवाड्यातल्या झीलकऱ्यांच्या ‘जी’ची आठवण घेऊन येतो, भोवती कितीही चेलो वाजोत.

हा भेद माझ्या मनाचा खेळ नाही हे दाखवायला एक पुरावा आयता तयार आहे. २०१८मध्ये ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ आला. संगीतकार तेच. ‘सैराट’मधल्या ‘याड लागलं’ची चाल तीच, ‘पहली बार’ या नावाने. आवाजही पुन्हा अजय गोगावले यांचाच. साजाचा थाटही तोच. म्हणजे प्रयोगशाळेत करावी तशी एकच गोष्ट बदललेली: भाषा. गाणं ऐकायला गोड आहे, पण त्यात आता कोणीही, कुठलाही मुलगा प्रेमात पडलेला असू शकतो. ‘सैराट’मधल्याच ‘झिंगाट’ या गाण्याचं हिंदी रूपही लोकप्रिय झालं, असं कोणी म्हणेल. झालंच, ठेका सरहद्द सहज ओलांडतो, त्याला कोणत्या गावचा म्हणून विचारत नाहीत. प्रश्न ‘याड’चा आहे. प्रमाण मराठीत ‘वेड’ म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मात्रा सारख्याच, त्यामुळे एकाही सुराला हात न लावता ‘याड’च्या जागी ‘वेड’ बसवता आला असता आणि शहरी कानांना ते अधिक सोयीचंही झालं असतं. तसं केलं नाही. ‘वेड’ म्हणताना ओठ आडवे ताणले जातात, तोंड अर्धं मिटलेलंच राहतं. ‘याड’ म्हणताना जबडा खाली येतो, तोंड पूर्ण उघडतं आणि श्वास मोकळा बाहेर पडतो, करमाळ्याच्या कुठल्याही पाणवठ्यावर आजही पडतो तसा. कल्व्हर सिटीतल्या वादकांनी आपली सगळी व्हायोलिनं त्या एका उघडलेल्या तोंडाभोवती वाजवली.