किल्ली कोणाच्या हाती?

ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांची वेळ माणसाला आधी कळत नाही, बाळंतपणाची कळते. दवाखान्याच्या सर्व खर्चांत ज्याची तिथी काही महिने आधी ठाऊक असते, असा खर्च बहुधा हाच. तरीही रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबावर तो पुष्कळदा आकस्मिक संकटासारखा कोसळतो. कळा सुरू झाल्यावर उसनवारीसाठी धावाधाव होते, अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडते आणि जन्माबरोबरच घरात कर्जही येते. यावर सुस्थित समाजाचे उत्तर ठरलेले असते : या लोकांना दूरदृष्टी नाही. हे उत्तर तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण त्यात अर्थशास्त्राइतकाच नीतीचा प्रश्न गुंतलेला आहे.

दूरदृष्टी हा केवळ स्वभावाचा गुण नव्हे. ती काही अंशी परिस्थितीची देणगी असते. ज्याच्या हाती महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम पडते, त्याला सहा महिन्यांनंतरचा विचार करण्याची उसंत मिळते. ज्याला संध्याकाळच्या पिठाची चिंता आहे, त्याची बुद्धी त्या चिंतेतच खर्ची पडते. तामिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच गोष्ट नोंदली गेली : तोडणीपूर्वीच्या ओढगस्तीच्या काळात तीच माणसे बौद्धिक चाचण्यांत मागे पडत होती आणि तोडणीनंतर, हाती पैसा आल्यावर, अधिक सरस ठरत होती. माणूस तोच, बुद्धी तीच. बदलली होती ती केवळ चणचण. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे मराठीत म्हणतात. पैसा नसला की निवांत विचाराचेही सोंग आणता येत नाही, अशी पुस्ती त्याला जोडावी लागेल.

या जाणिवेतून गेल्या काही दशकांत 'वर्तनरचना' नावाचा एक विचार पुढे आला. माणसाला उपदेश करण्याऐवजी त्याच्या निर्णयाभोवतीची परिस्थितीच अशी घडवावी की, हिताची गोष्ट त्याला सोपी व्हावी, हे त्याचे सूत्र. केनियात २००७ साली मोबाईलवरून पैसे पाठविण्याची 'एम-पेसा' ही सेवा सुरू झाली आणि बँकेत कधी न गेलेल्या माणसांनाही लहान रकमांची देवघेव सुलभ झाली. तिच्याच आधारे पुढे 'एम-तिबा' हा केवळ औषधोपचारासाठी उघडणारा बटवा आला. 'तिबा' म्हणजे स्वाहिली भाषेत उपचार. रोज थोडे बाजूला पडावे आणि ते भलतीकडे वाहून जाऊ नये, हा हेतू. गर्भवतीच्या घराला अशा योजनेचा उपयोग उघड आहे.

वस्तुतः हा विचार नावाने नवा असला तरी जातीने नवा नाही. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत म्हणजे खर्चाची आणि विश्रांतीची आधीच लावून ठेवलेली वाटणीच होती. प्रत्येक वेळी वाद घालावा लागू नये म्हणून समाजाने तो निर्णय रूढीच्या स्वाधीन केला. भिशीचेही तसेच. चारचौघींसमोर हप्ता चुकविण्याचा संकोच हेच भिशीचे कुलूप. मात्र याच रूढीने मुलीच्या बापाला कर्जात लोटले आणि हे ओझे आपले का, असे विचारण्याची सोयही ठेवली नाही. वर्तनाची प्रत्येक रचना कोणाला तरी सोयीची असते. ती कोणाला, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

पश्चिम केनियातील एका प्रयोगाने या प्रश्नाला मूर्त रूप दिले आहे. पास्कलीन ड्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील भिशीमंडळांत आरोग्यासाठी बचत करण्याचे निरनिराळे उपाय योजून पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. बचत प्रसूतीपुरती नव्हती, आरोग्याच्या सर्वसाधारण गरजांसाठी होती. काहींना कुलपाची पेटी किल्लीसह मिळाली. काहींना तशीच पेटी मिळाली. पण तिची किल्ली योजनेच्या कार्यकर्त्याकडे राहिली आणि ठरविलेली रक्कम साठल्यावरच पेटी उघडायची होती. मोह टाळायचा तर दुसरी पेटी अधिक परिणामकारक ठरावी, अशी अपेक्षा कोणीही करील. घडले उलटे. आजार टाळण्यासाठी करावयाचा खर्च वाढविण्यात किल्ली स्वतःजवळ असलेली पेटी यशस्वी झाली. परक्याच्या किल्लीची पेटी निष्प्रभ ठरली. कारण साधे होते. गरिबाच्या घरी अडीनडी वारंवार येते आणि अडीला हाती न येणारा पैसा त्याला आपला वाटत नाही.

मोहाला आवर घालण्यासाठी स्वतःला बांधून घेण्याची कल्पना होमरइतकी जुनी आहे. जलपऱ्यांच्या गाण्याने आपण नाशाकडे ओढले जाऊ, हे जाणून ओडिसियस स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. बचतीची कुलूपबंद खाती सुचविणारे अर्थशास्त्रज्ञ या कथेचा दाखला आवडीने देतात. पण त्याच नौकेवर वल्हेकरीही होते. त्यांच्या कानांत मेण घातले गेले ते त्यांना विचारून नव्हे. बंधन दोघांच्याही हिताचे होते, दोघेही तरले. तरी एकाने स्वतःला बांधून घेतले आणि इतरांचा निर्णय दुसऱ्याने घेतला. गरिबांसाठी योजना आखणारा बहुधा आपल्याला ओडिसियसचा साहाय्यक समजतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा मेण मळत असतो.

भारतातील योजनांनाही ही कसोटी लावून पाहावी. २००५ साली सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीसाठी रोख साहाय्य दिले. मागास ठरविलेल्या राज्यांतील ग्रामीण मातेसाठी ते १४०० रुपये होते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६००० रुपयांच्या मातृत्वसाहाय्याचा हक्क मान्य केला. २०१७ साली प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा मात्र रक्कम ५००० ठरली आणि तीही पहिल्या जिवंत अपत्यापुरती, नोंदणी, तपासणी व लसीकरण यांच्या अटींना बांधलेल्या हप्त्यांनी. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मिळू लागले. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू निःसंशय चांगला. पण दुसरा मुलगा झाला, तर त्या मातेने कोणते वर्तन चुकविले? तपासणीला जाणे तिच्या हाती असू शकते. अपत्याचे लिंग नसते. हक्काला बक्षिसाचे रूप आले की अशी विसंगती अटळ होते.

आणि वर्तन फक्त गरिबाचेच सुधारायचे असते काय? देयक न भरल्याने प्रसूत स्त्रियांना रुग्णालयातच अडकवून ठेवण्याचे प्रकार केनियात घडले. जून २०१३ मध्ये तेथील सरकारने सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतिसेवा निःशुल्क केली आणि २०१५ साली तेथील उच्च न्यायालयाने अशी अडवणूक बेकायदा ठरविली. अडकलेल्या बाईने आधी बचत करायला हवी होती, असे म्हणणे सोपे. परंतु बदलण्याची खरी गरज होती ती दार लावून घेणाऱ्याच्या वर्तनाची.

यावरून वर्तनरचना हीच फसवणूक, असा निष्कर्ष काढणेही अन्यायाचे होईल. सेवा निःशुल्क झाली तरी रुग्णालयापर्यंतचे वाहन, बाहेरून आणावी लागणारी औषधे आणि सोबत थांबणाऱ्याची बुडालेली मजुरी उरतेच. न्याय्य व्यवस्था येईपर्यंत थांब, असे दिवस भरलेल्या बाईला सांगता येत नाही. तिच्यासाठी मोबाईलमधला बटवा किंवा पत्र्याची पेटी ही क्षुल्लक वस्तू नव्हे. प्रश्न एवढाच की, ती पेटी तिला समजावून दिली आहे काय, तिला ती नाकारता येते काय आणि पेटी दिल्यामुळे देणाऱ्याने स्वतःचे कर्तव्य संपले असे मानले आहे काय. जी रचना गर्भवतीला महिन्यामहिन्याने बांधते, तिने रुग्णालयालाही आधी जाहीर केलेल्या दराने आणि शासनालाही वेळेवर पोचणाऱ्या हप्त्याने बांधले पाहिजे. बंधन दोन्ही बाजूंना असेल तर तो करार होतो; एकाच बाजूला असेल तर ती देखरेख होते.

पश्चिम केनियातील त्या पेटीने गरिबांविषयी पुष्कळ काही सांगितले. पण तिने अधिक सांगितले ते त्यांच्या हितचिंतकांविषयी. पेटी देण्याइतका कळवळा त्यांच्यापाशी होता. किल्ली देण्यासाठी मात्र कळवळा पुरत नाही. त्यासाठी विश्वास लागतो.