दमा आणि सोशिकपणा

एका औषधाने दुखणे आटोक्यात येत नसेल तर अधिक जाणता डॉक्टर शोधावा, यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे कित्येक वाचकांस वाटेल. त्यांनी पारोळे तालुक्यातील एखाद्या खेड्यात दम्याने गांजलेल्या माणसाजवळ घटकाभर बसून पाहावे. “तुम्ही धुळ्याला दाखवावयास का जात नाही?” असे विचारले असता तो म्हणतो, “चालायचेच. दमा दम घेऊनच जातो.” किंवा म्हणतो, “आमच्या डॉक्टरांनी आजवर सांभाळले; आता त्यांना सोडून जाणे बरे दिसत नाही.” किंवा, “देवाने दिले ते भोगलेच पाहिजे.” ही तिन्ही उत्तरे मनाची आहेत, आणि त्यांचा विचार नीतीच्या अंगानेच करावा लागतो.

एक गृहिणी आपण डोळ्यांपुढे आणू. अशी गृहिणी शोधावयास दूर जावे लागणार नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास तिला जाग येते. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज निघतो. ती उठून गुडघ्यांवर हात टेकून बसते, आणि कोणाची झोप मोडू नये म्हणून खोकला पदरात दाबते. पहाटे चूल तीच पेटवते. घरात गॅसची टाकी असते. तथापि भाकरी आणि अंघोळीचे पाणी यांसाठी कपाशीच्या पऱ्हाट्याच जळतात, कारण त्यांस पैसा पडत नाही. महिना-दीड महिन्याने दम फारच लागला म्हणजे गावातील डॉक्टर इंजेक्शन देतात; चार दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच. अशी दहा वर्षे लोटली. शेजारीण कौतुकाने म्हणते, “बाई मोठी सोशिक!”

जे टळण्यासारखे नाही ते न कुरकुरता सोसणे हा सद्गुण खरा. दमा बहुधा समूळ जात नाही, हेही खरे. परंतु त्याचे झटके पुष्कळांच्या बाबतीत टाळता येतात. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात, आणि धूर, धूळ, गारठा किंवा पडसे यांचे निमित्त होताच त्या आवळतात. आवळलेली नलिका मोकळी करणारे साल्ब्युटामॉल १९६९ पासून वापरात आहे. सूज उतरविणारे स्टेरॉईड औषध पंपाने श्वासावाटे घेण्याची सोय १९७२ पासून झाली. पहिल्याने तात्काळ आराम पडतो म्हणून ते लोकांस प्रिय झाले. दुसऱ्याचा गुण सावकाश येतो म्हणून ते आठ दिवसांत फडताळाच्या कोपऱ्यात जाऊन पडते. २०१९ साली दम्याविषयी सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने स्पष्ट सांगितले की, मोठ्या माणसांस व किशोरवयीनांस नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या औषधावर ठेवू नये. दमा आटोक्यात आहे की नाही हे पाहण्याचे प्रश्नही साधे आहेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाला काय? दम्याने रात्री जाग आली काय? आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला काय? कामात अडथळा आला काय? एकाचेही उत्तर होय असेल तर दमा पुरता आटोक्यात नाही. आपल्या गृहिणीस हे प्रश्न दहा वर्षांत कोणी विचारले असते, तर सोशिकपणाची ती स्तुती शेजारणीच्या ओठांवर आली नसती.

येथे कोणी म्हणेल, “पण पंपाची सवय लागते.” ही समजूत खेडोपाडी इतकी रुजली आहे की तिने किती जणांचे नुकसान केले असेल, देव जाणे. स्टेरॉईडच्या नेहमीच्या एका गोळीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम औषध असते. पंपाच्या एका झुरक्यात बहुधा १०० किंवा २००. जो मनुष्य पंपास भितो तोच कोणाच्या तरी नाव नसलेल्या पुड्या वर्षानुवर्षे निर्धास्त घेतो, आणि त्यांत तेच स्टेरॉईड मिसळलेले असल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. जोराच्या झटक्यात डॉक्टर थोडे दिवस गोळ्या देतात ते योग्यच. त्या वेळी त्या नाकारू नयेत.

आता कृतज्ञतेविषयी. ज्या डॉक्टराने मध्यरात्री दार उघडले त्याचे उपकार विसरणे नीच होय. परंतु उपकाराची फेड आपल्या फुफ्फुसांनी करावयाची नसते. त्याच्यापाशी उघडपणे जाऊन म्हणावे, “डॉक्टरसाहेब, गुण येत नाही, मला पुढे पाठवा.” सज्जन डॉक्टर स्वतःच चिठ्ठी लिहून देतो. मात्र त्याच बैठकीत रोग्यानेही खरे सांगावे: बरे वाटताच आपण औषध सोडले होते काय, आणि पंप ओढावयाची रीत कोणास कधी करून दाखविली होती काय. औषध घशातच राहते, छातीत पोहोचतच नाही, असे पुष्कळदा घडते. हे लपवून दुसऱ्या डॉक्टराकडे गेलो तर जुनीच चूक नव्या कागदावर चढते.

दारोदार फिरणे म्हणजे अधिक चांगली मदत शोधणे, असे मात्र नाही. कोजागिरीच्या रात्री कोणी दम्याची खीर घेतो. मृग लागताच कोणी हैदराबादेस जिवंत मासा गिळावयास जातो. इतका लांबचा प्रवास करणाऱ्या माणसास पारोळ्याहून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र दूर वाटते, हे मोठे नवल! जळगावासही २०१८ पासून तसे महाविद्यालय झाले आहे. जो वैद्य प्रश्न विचारतो, फुंकर मारावयास लावून श्वास मापतो आणि औषधाचे नाव कागदावर लिहितो, त्याच्या दारी जावे. जो नाव सांगत नाही, त्याच्या दारावरून पुढे जावे.

या सर्वांहून अवघड गोष्ट घरातच आहे. घरधन्यास दम लागला तर त्याच रात्री गाडी ठरते. तोच त्रास घरधनिणीस झाला तर “कापूस विकला की बघू” असे उत्तर मिळते. मुलीचा पंप तर लग्न जमेपर्यंत पेटीच्या तळाशी दडविला जातो. ती सासरी गेल्यावर तिने तो कोणासमोर काढावा? सोशिकपणाची स्तुती आपण बहुतेक बायकांचीच करतो, कारण ती आपणांस स्वस्त पडते. येथे रोग्याने काय करावे हा प्रश्न मागे पडून, घरच्यांनी काय करावे हा उभा राहतो. आणि त्याचा आरंभ कोणी एकाने सकाळची भाकरी थापण्याने, पाणी चुलीऐवजी गॅसवर ठेवण्याने आणि तिच्याबरोबर धुळ्याच्या मोटारीत बसण्याने होतो. जाताना जुनी कागदपत्रे, सर्व गोळ्या आणि पंप पिशवीत घ्यावे. आणि त्या दिवसापूर्वीच कधी रात्री तिला एक पुरते वाक्य बोलवेनासे झाले किंवा ओठ निळे दिसू लागले, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.