शलमोन: एका नावाचा श आणि न

दाविदानंतर इस्राएलाच्या गादीवर बसलेल्या राजाचे हिब्रू नाव श्लोमो. हिब्रूत ते चार अक्षरांत लिहितात: शीन, लामेद, मेम आणि हे. शेवटचा ‘हे’ उच्चारला जात नाही. अंती ‘ओ’ आहे एवढेच तो सांगतो. या नावात न कुठेच नाही. तरीही मराठी बायबलातला शलमोन, अरबी सुलेमान आणि इंग्रजी सॉलोमन हे तिघेही न वर येऊन थांबतात.

नावाचे मूळ श-ल-म या धातूत आहे. त्याच धातूचा शब्द शालोम. अरबीतला सलाम हा त्याचाच भाऊबंद. शालोम म्हणजे शांतता खरी, पण केवळ भांडण नसणे एवढाच तिचा अर्थ नाही. पूर्णपणा आणि क्षेमकुशलही तिच्यात येते. ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात देव दाविदाला सांगतो की होणाऱ्या मुलाचे नाव श्लोमो असेल आणि त्याच्या काळात इस्राएलाला शालोम मिळेल. नाव आणि वचन एकमेकांत गुंफलेले आहेत. ही व्युत्पत्ती सर्वमान्य असली तरी एकमेव नाही. याच धातूला फेडणे, भरपाई करणे असाही अर्थ आहे. दावीद आणि बथशेबा यांचे पहिले मूल दगावले. त्यानंतर हा मुलगा झाला. म्हणून ‘गेलेल्याच्या जागी आलेला’ असाही या नावाचा अर्थ काही अभ्यासक लावतात. ‘दुसरा शमुवेल’ या ग्रंथात ‘त्याने नाव ठेवले’ असे लिहिलेले आहे, पण वाचनाची परंपरा ‘तिने’ अशी आहे. नाव आईने ठेवले असेल तर भरपाईचा अर्थ अधिक जिवंत वाटतो. शालेम या कनानी देवतेशीही नावाचा संबंध जोडला जातो. उगारित या प्राचीन नगराच्या मृत्फलकांवर ती देवता आढळते आणि यरुशलेमच्या नावातही तिचाच अंश असावा असे मानतात. ‘दुसरा शमुवेल’मध्येच नाथान संदेष्ट्याकरवी मुलाला यदीद्या, म्हणजे परमेश्वराचा लाडका, असे दुसरेही नाव मिळते. ते मात्र रूढ झाले नाही.

हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुआजिंट, इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झाले. त्यात हा राजा ‘सालोमोन’ होतो. ग्रीक लिपीत श नाही, म्हणून स आला, हे सरळ आहे. न ची गोष्ट जरा वेगळी. ओकारान्त परकी नावे ग्रीक विभक्तींत नीट बसत नाहीत. प्लातोन, सोलोन अशी ओन-अन्त्य नावे मात्र ग्रीकांच्या जिभेवरची होती. मगिद्दो या गावाच्या नावालाही ग्रीकमध्ये असाच न चिकटला. हर्मगिदोन हा शब्द तिथूनच आला. सेप्टुआजिंटमध्ये सालोमोन बहुधा विभक्तीवाचून तसाच राहतो. नव्या करारात तो ‘सोलोमोन’ झाला आहे आणि त्याला ग्रीक विभक्ती प्रत्ययही लागतात. पुढच्या ओ च्या ओढीने पहिला स्वरही ओ झाला असावा.

तरी ग्रीक रूप हा नुसता अपभ्रंश ठरत नाही. हिब्रू ग्रंथांवर स्वरचिन्हे चढवण्याचे काम इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात झाले. तोवर या नावाचा पहिला स्वर झिजून श्लोमो झाला होता. सालोमोनमधला आ त्याआधीच्या भरीव स्वराची साक्ष देतो. म्हणजे एका बाबतीत ग्रीक रूप हिब्रू पोथीपेक्षा जुने आहे.

मात्र अर्थ हातचा गेला. ‘पहिला इतिहास’मधल्या त्याच वचनात ग्रीक भाषांतरकाराला शालोमसाठी ‘एइरेने’ लिहावे लागले, आणि सालोमोन व एइरेने यांच्यात कानाला काहीच नाते लागेना. ती पोकळी ग्रीकमध्ये लिहिणाऱ्यांनी दोन तऱ्हांनी भरली. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या युपोलेमस या यहुदी इतिहासकाराने यरुशलेमच्या हिएरोसोलिमा या ग्रीक नावाची उकल ‘शलमोनाचे मंदिर’ अशी केली, कारण ग्रीकमध्ये हिएरोन म्हणजे मंदिर. उकल चुकीची, पण ग्रीक कानाला अगदी पटणारी. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती भाष्यकाराने गीतरत्नावरील भाष्यात ‘शांतिमान’ हा हिब्रू अर्थ मुद्दाम उलगडून सांगितला आणि शलमोनात ख्रिस्ताची पूर्वछाया पाहिली. हिब्रू वाचकाला कानाने मिळणारे इथे टीकाकाराला सांगावे लागले. या अर्थाने राजाचे चरित्र मात्र बांधले जात नाही: अदोनीया, यवाब आणि शिमी या विरोधकांना ठार करवूनच शलमोनाने गादी पक्की केली. अबशालोम या त्याच्या सावत्रभावाच्याही नावात शालोम होता, आणि तो बापाविरुद्धच्या बंडात मारला गेला.

अरबी सुलेमानमधला न बहुधा सिरियाक भाषेच्या वाटेने आला; सिरियाकमध्ये आरंभीचा श टिकला आणि शेवटी न जोडला गेला. मराठीतल्या शलमोनमध्येही तीच जोडणी दिसते: सुरुवातीचा श हिब्रूचा, शेवटचा न ग्रीकचा.