देव उतरतो, आपली पायरी उतरत नाही

येरमाळ्याच्या येडेश्वरीचे देऊळ डोंगरावर आहे. आपण वारकरी विठ्ठलाचे खरे, पण या मुलखातला माळकरी चैत्रात येडाईला हात जोडल्यावाचून राहत नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत एक सोहळा असा होतो की, आई स्वतः पालखीत बसून डोंगर उतरते आणि खाली आमराईत येते. वाटेवर हजारो माणसे शिवारात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. ज्याला वर्षभरात वर चढणे झाले नाही, त्या म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, पांगळ्यालाही मग आई भेटते. ही रीत कोणी का घातली याचा मी विचार करीत बसलो नाही. पण एका प्रसंगानंतर तिचा अर्थ मला निराळाच वाटू लागला. तो प्रसंग सज्जनांपुढे ठेवतो. त्यात दोष माझाही आहे.

काही वर्षांमागे या पंचक्रोशीतील एका गावी सप्ताहात कीर्तनसेवा माझ्याकडे होती. सभामंडप नवा, लोकवर्गणीतून बांधलेला. जोते चांगले साडेतीन फूट उंच, पुढे सहा पायऱ्या, वर गुळगुळीत फरशी. बांधणाऱ्यांनी मोठ्या हौसेने बांधला होता. त्या दिवशी मी कूर्मदासाचे आख्यान लावले. पैठणचा कूर्मदास, हातपाय नसलेला. पंढरीचा महिमा ऐकला आणि लोळत, सरपटत निघाला. माढे तालुक्यातील लऊळपर्यंत आला. पुढे शरीर चालेना. जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ निरोप धाडला, आणि पांडुरंग पंढरी सोडून त्याला भेटायला लऊळास आला. येरमाळ्याहून बार्शी, कुर्डुवाडी करून गेले की लऊळ येते. आख्यान रंगले, लोकांचे डोळे पाणावले, माझेही.

कीर्तन संपवून खाली आलो तर चपलांच्या ढिगाशेजारी तीनचाकी सायकलीत एक गृहस्थ बसलेले. जुने पखवाजी. अपघातात दोन्ही पाय गेले होते. मी म्हणालो, "बुवा, वर का नाही आलात?"

ते म्हणाले, "हितंबी ऐकू येतंय की महाराज. भोंगा हाय."

मी म्हणालो, "अहो, पोरांनी उचलून नेलं असतं."

तेव्हा ते हळूच बोलले, "नेतात ना. पहिले दोन दिवस नेलं. पोरं चांगली हायेत, नाही म्हणत नाहीत. पण मधीच लघवीला जायचं झालं तर दोघांना कीर्तनातनं उठवावं लागतं. म्हणून दोन्ही दिवस सकाळपासनं पाणीच पिलो नाही. आता हितंच बरं हाय."

सज्जनहो, मी तासभर कूर्मदास सांगत होतो आणि कूर्मदास चपलांपाशी बसला होता. देव लऊळापर्यंत आला, पण मला सहा पायऱ्या उतरून येण्याची बुद्धी कीर्तन संपेपर्यंत झाली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता प्रश्न असा की, येथे दोष कोणाचा? त्या गृहस्थांना कोणी मज्जाव केला नव्हता. उलट गाव त्यांच्यावर माया करणारे. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा गोष्ट उघड होती. हरिजनांना दार बंद होते, बंद करणारे समोर होते, आणि त्यांच्या मनाला हात घालता येत होता. इथे दार सताड उघडे, 'या, या' म्हणणारे उभे, आणि तरी माणूस बाहेर. बंदी घातली ती दगडाने. दगडाला कोण बोल लावणार? म्हणूनच हा दोष कोणाच्याच अंगाला लागत नाही आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. पण दगड आपण होऊन चढत नाहीत. साडेतीन फुटांचे जोते ठरविले ते माणसांनी. देवाने डोंगर केला, त्याचा जाब कोणी आपल्याला विचारणार नाही. जोते आपण केले, त्याचा विचारील.

यावर तीन शंका घेतात.

पहिली अशी की, "कष्टाशिवाय दर्शन कसले? पायी वारी म्हणजे कष्टच की." खरे आहे. पण वारीचे कष्ट आपण आपखुशीने घेतो. आपल्याला गाडीने जाता येत असते, तरी आपण चालतो. म्हणून ते तप होते. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याच्यावर लादलेले कष्ट हे तप नव्हे, ती अडवणूक आहे. दुसऱ्याने उपाशी राहावे म्हणून आपण त्याचे ताट काढून घेतले, तर त्याला एकादशी घडली असे कोणी म्हणेल काय?

दुसरी शंका अशी की, "देव काय देवळातच आहे? चराचरात आहे. घरी बसून नाम घ्यावे." हेही खरे. पण हा उपदेश आपण धडधाकट माणसाला कधी करीत नाही. त्याला म्हणतो, संगती हवी, सप्ताह चुकवू नको. आपला संप्रदायच संगतीचा. टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहून जे मिळते ते एकट्याला घरी मिळत असते, तर वारी कशाला निघाली असती? ज्या ज्ञानाने आपण स्वतः घरी बसत नाही, ते ज्ञान पांगळ्याला सांगून त्याला घरी बसवू नये.

तिसरी शंका मोठी चांगल्या मनाची आहे, आणि म्हणूनच तिने मला फसविले. "आम्ही उचलून नेतो ना!" उचलून नेणाऱ्याचा हात पवित्र आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण उचलून नेला जाणारा माणूस दुसऱ्याच्या सवडीने येतो आणि दुसऱ्याच्या सवडीने जातो. त्याला रोज मागावे लागते, रोज आभार मानावे लागतात, तहान मारावी लागते. उचलणे ही दया आहे. वाट करून देणे हा न्याय आहे. दया रोज नव्याने करावी लागते आणि एखादे दिवशी ती चुकते. वाट एकदाच करावी लागते आणि ती रात्रीसुद्धा जागी असते.

आपल्याच जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका आठवा. हात तुटलेले असताना ते पंढरीस कीर्तनाला गेले, आणि टाळीच्या वेळी त्यांनी थोटे हात वर केले, अशी कथा आहे. हात परत आले हे आपण मोठ्या आवडीने सांगतो. पण त्याच्या आधीची गोष्ट विसरतो. थोट्या हातांनिशी त्यांना कीर्तनात इतरांबरोबर जागा होती. आधी हात घेऊन ये, मग बस, असे त्यांना कोणी म्हटले नाही. चमत्कार देवाच्या हातचा. जागा ठेवणे हे संतमंडळीच्या हातचे होते.

तर मग करावयाचे काय? फार मोठे काही नाही. समाजमंदिर असो, सभामंडप असो, धर्मशाळा की ग्रामपंचायतीचे कार्यालय, पायऱ्यांच्या बाजूने एक उतार, म्हणजे रॅम्प, बांधावा. त्याचे गणित सोपे आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. साडेतीन फुटांच्या जोत्याला बेचाळीस फूट उतार लागतो; जागा कमी असेल तर मध्ये सपाट विसावा ठेवून वळवून घ्यावा. नावापुरता खडा उतार करू नये. तो मोटारसायकल चढवायला ठीक, पण चाकाच्या खुर्चीतला माणूस त्यावरून मागे घसरतो. दोन्ही बाजूंना हाताला कठडा असावा, फरशी खरखरीत असावी, दार तीन फूट मोकळे असावे, उंबरा सपाट करावा. ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आजच्या कीर्तनाचा विषय फळ्यावर लिहावा. आणि एक तरी शौचकूप असे असावे की, खुर्ची आत जाऊन वळेल आणि धरायला दांडी असेल. त्या पखवाजीबुवांना पायऱ्यांपेक्षाही याची गरज अधिक होती.

सरकारने 2016 साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात सार्वजनिक इमारतींमध्ये धार्मिक आणि सांस्कृतिक कामाच्या इमारतीही धरल्या आहेत, मग त्या सरकारी असोत वा खाजगी. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, इमारती सुगम करण्याचे किमान नियम नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असाही राज्याचा दंडक आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग मोजले गेले. आणि गुडघे धरलेले आपले म्हातारे वारकरी त्या मोजणीत आलेच नसतील. आज जो पायऱ्या धावत चढतो, तोही एक दिवस कठडा शोधणार आहे. पण धाक कायद्याचा असो की म्हातारपणाचा, वारकऱ्याने हे धाकाने करावे अशी माझी इच्छा नाही.

नामदेवरायांनी पंढरीच्या महाद्वारी पायरी होऊन राहणे मागितले. कशासाठी? संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. पायरी ही त्यांच्या ठायी नम्रतेची खूण झाली. तीच पायरी आपण इतकी उंच केली की, एक भक्त खालीच राहिला. ती नामदेवांची पायरी नव्हे.

येत्या सप्ताहाची वर्गणी गोळा होईल तेव्हा मंडपाच्या झालरी आणि भोंगे यांचा हिशेब मांडण्याआधी गावकऱ्यांनी एकच विचारावे : चपलांपाशी कोण बसले होते? त्याचे नाव आठवले की उताराची जागा आपोआप सापडेल. आई डोंगर उतरते, पांडुरंग लऊळास येतो; आपल्याला तर फक्त साडेतीन फूट उतरायचे आहे.

रामकृष्ण हरि.