चुकलेल्या गणितापाशी थांबणारी शाळा

कोल्हापुरात प्राथमिक शाळेचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात: पट किती, आणि स्कॉलरशिपला किती पोरं लागली? पहिला आकडा सरकारला हवा असतो, दुसरा पालकांना. लहान शाळेत शिकवणं कसं चाललंय, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. ते कळतं मुलाचं उत्तर चुकल्यावर शिक्षक काय करतो, यावरून.

४२ वजा १७ हे गणित घ्या. तिसरीतली मुलगी उत्तर लिहिते ३५. फुली मारायला क्षणही लागत नाही. पण ‘कसं केलंस गं?’ असं विचारलं, तर ती सांगते, ‘दोनातनं सात जात न्हाईत, म्हणून सातातनं दोन घालवले.’ म्हणजे तिनं ठोकून दिलेलं नाही. तिनं नियम लावलाय, तो चुकीचा आहे एवढंच. हीच मुलगी मंडईत आईच्या पाटीपाशी बसते तेव्हा सुट्टे पैसे बिनचूक परत करते. तिला वजाबाकी येते. दशक सुटा करून कागदावर मांडणं येत नाही. विचारणाऱ्या शिक्षकाला उद्या काय शिकवायचं ते समजलं. फुली मारणाऱ्याला काहीच समजलं नाही, आणि तो नियम मुलीबरोबर पुढच्या इयत्तेत गेला.

भाषेचंही तसंच. कोल्हापूरकडच्या मुली घरात ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात. एखादीनं वहीत ‘मी आईसंगं बाजारला गेलो’ असं लिहिलं, तर तिनं घरचं बोलणं इमानानं उतरवलंय. ‘आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात’ म्हणून तिला पुढं नेता येतं. ‘अशुद्ध’ म्हणून ओळ खोडली, तर ती मनातलं लिहायचं सोडते आणि फळ्यावरचं उतरवायला लागते. मग वह्या सुवाच्य दिसतात, पण त्यांत मूल नसतं.

या विचारपुशीवर शाळा उभी राहू शकते, हे कोल्हापुरातच दिसलं आहे. आधीची कितीतरी वर्षं शिक्षक घडवण्यात घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ साली इथं ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. शाळा लहान, प्राथमिक, मराठी माध्यमाची. ‘अर्थपूर्ण आनंदशिक्षण’ हा त्यांचा शब्दप्रयोग. त्यातला ‘आनंद’ लोकांनी पटकन उचलला, ‘अर्थपूर्ण’ मागं राहिला. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ असं आहे. मुलाचं लिहिणं आणि शिक्षकाचं शिकवणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हे त्या नावातच आलं.

मग वर्ग लहान केले की झालं का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं योगायोगानं १९८५ सालीच हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर सुरू केला. १३ ते १७ मुलांच्या वर्गांची २२ ते २५ मुलांच्या वर्गांशी तुलना केली, तेव्हा लहान वर्गांतली मुलं वाचनात आणि गणितात सरस ठरली. पुढं १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं राज्यभर वर्ग लहान करायला घेतले. त्यासाठी घाईनं शिक्षक भरले, त्यांतले अनेक अप्रशिक्षित होते, आणि टेनेसीसारखा फायदा तिथं दिसला नाही. लहान वर्गामुळं शिक्षकाला सवड मिळते. ती कशी वापरायची हे त्याला यावं लागतं.

महाराष्ट्रात नेमका याच्या उलटा हिशेब मांडला जातो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सरकारनं २०२३ मध्ये पुढं आणला. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांना त्याचा अर्थ लगेच कळतो: ओढा ओलांडून जावं लागणारी शाळा, आणि पावसाळ्यात घरी राहणारं मूल. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आता मूल यायला तयार आहे, आणि शाळाच लांब चालली आहे.

तरीही लहान शाळांच्या विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे. आठ मुलांत खो-खोचा संघ होत नाही, आणि चार इयत्ता एका खोलीत बसल्या की कुणाचंच धड होत नाही. शाळा जवळ असणं म्हणजे शिकणं नव्हे. कोविडनंतरच्या, २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या पाचांपैकी जेमतेम एका मुलाला दुसरीचा उतारा वाचता आला. तेव्हा ‘लहान शाळा वाचवा’ एवढी घोषणा पुरत नाही. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हा शिक्षण हक्क कायद्यातला निकष आहे. पण त्या दोघांतला एक पोषण आहाराच्या नोंदींत, ऑनलाइन माहिती भरण्यात आणि मतदारयादीच्या कामात अडकला, तर दहा मुलांच्या शाळेतही ‘कसं केलंस?’ विचारायला कुणी मोकळं नसतं.

‘सृजन आनंद’ ही शहरातली, पालकांनी निवडून घेतलेली शाळा. धनगरवाड्यावरच्या शाळेनं तिची नक्कल करावी असं कुणी म्हणणार नाही. पण तिथली एक गोष्ट, चुकीपाशी थांबून विचारण्याची, बिनखर्चात उचलता येते. परिसरातल्या शाळांच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवण्याऐवजी प्रत्येक शिक्षकानं मुलांच्या दोन वह्या आणाव्यात, बरोबर उत्तरांच्या नव्हे, चुकलेल्या. ही मुलं असं का लिहितात, यावर तासभर बोलावं. एकट्या शिक्षकाला जे सुचत नाही, ते शेजारच्या वाडीवरच्या बाईंना सुचलेलं असतं.

पालकांनीही प्रश्न बदलायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा त्यांच्याच आहेत. तिथं खोलीची गळती आणि कुंपण यांच्याबरोबर एवढं विचारता येईल: या महिन्यात पोरं कुठं अडली, आणि तुम्ही काय केलंत? ज्या शाळेला याचं उत्तर देता येतं, तिचा पट आठ असला तरी ती बंद करायला सरकारकडं तोंड नाही. आणि ज्या शाळेला ते देता येत नाही, तिचा पट आठशे असला तरी तिच्या गुणवत्तेचा डंका पिटू नये.